बॅकअप चालू असताना केलेली लग्नपत्रिका

अमावस्येला आमच्या दुकानात कुणी येत नाही. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बारशाची आमंत्रणं, अशी सगळी माझी कामं. ती घेऊन अमावस्येला कोण घराबाहेर पडेल? म्हणून पूर येऊन गेल्यानंतर मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. अमावस्येला सकाळी दुकान उघडायचं, उदबत्ती लावायची, डिस्क कॉम्प्युटरला जोडायची आणि पूर्ण बॅकअप सुरू करायचा. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात जे काही आहे ते सगळं, जसंच्या तसं, त्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. संध्याकाळी डिस्क प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून जवळच्या नाते गावात नणंदेकडे पोचवायची. तिचं घर उंचावर आहे.

पुरात आमचा जुना कॉम्प्युटर गेला. बाजारपेठेत पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही नवराबायकोने तो उचलून माळ्यावर ठेवला, आणि मग पाणी माळ्यावर आलं. कॉम्प्युटर पुढे दुसरा घेता आला, त्यातलं काम मात्र गेलं ते गेलंच. अजून लोक येतात आणि म्हणतात, "थोरलीच्या लग्नाची तुम्हीच केली होती ना, तीच काढा, फक्त नावं बदला." मी म्हणते, ती आता नाही. काहींना वाटतं मी टाळतेय.

माझ्या नवऱ्याने आमचं छपाईचं मशीन चिखलातून धुऊन काढलं, पुसलं, तेल दिलं. ते फिरेना तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. त्यानंतर तो दुकानात फारसा आला नाही. आता मी मजकूर जुळवते आणि छपाई दुसरीकडून करून आणते. एकटीनं सगळं बघताना जीव शिणतो, पण सांगायचं कुणाला? गावात सगळ्यांचंच काही ना काही वाहून गेलेलं आहे.

बॅकअप चालू असताना कॉम्प्युटर वापरता येत नाही असं नाही. येतो, पण त्याचं अर्धं लक्ष तिकडे असतं. अक्षर दाबावं तर पडद्यावर काहीच उमटत नाही. आपण पुन्हा दाबतो, पुन्हा दाबतो, आणि मग दाबलेलं सगळं एकदम येऊन पडतं. कॉम्प्युटर विकणाऱ्या माणसाने मला सांगितलं होतं, "बॅकअप चालू असेल तेव्हा हात लावत जाऊ नका." पण सबंध दिवस नुसतं बसून तरी कसं राहायचं? मी एखादं शुद्धलेखन तपासत बसते, जुन्या फायलींची नावं नीट करते. पंख्याच्या घरघरीत डुलकीही लागते.

चैत्रातल्या अमावस्येची गोष्ट. दुपारी बाहेर रस्ता तापला होता, समोरच्या भांडीवाल्याने अर्धं शटर ओढलं होतं. माझा बॅकअप निम्म्याच्या थोडा पुढे गेला होता. तेवढ्यात तिघं जण दुकानात आले. पन्नाशीकडे झुकलेली एक बाई, तिची मुलगी, आणि पाठीला सॅक लावलेला एक गृहस्थ.

"लग्नपत्रिका करायची आहे," मुलगी म्हणाली. तिचे डोळे लाल झालेले होते. मला वाटलं रडून आलीय, पण तिनेच पुढे सांगितलं की ती एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे, रात्रपाळी सुटली आणि तशीच इकडे आली. आई आणि काका पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी आहे, तिथून उतरून आले होते. काका मुंबईला असतात, आदल्या दिवशी आले होते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होते.

"आज अमावस्या आहे," मी म्हटलं. "चालेल ना तुम्हाला?"

"अमावशा काय आमाला खातेय?" आई म्हणाली आणि स्टुलावर बसली. "भावजींना सुट्टी आजच गावली."

मी त्यांना कॉम्प्युटरचं सांगितलं. बॅकअप चालू आहे, मध्येच थांबवला तर पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल, आज सगळं फार हळू चालेल, उद्या आलात तर पटकन होईल.

"उद्या मी ड्युटीवर," काका म्हणाले. "चालवा मॅडम, स्लो तर स्लो. अॅडजस्ट करू."

"आमाला घाई नाय," आई म्हणाली.

मी एक साधा नमुना उघडला. वर गणपतीचं चित्र होतं. एरवी ते डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं. त्या दिवशी आधी मुकुटाची एक पट्टी आली, मग कपाळ, मग डोळे. आईने हात जोडले आणि गणपती पुरता उमटेपर्यंत ते जोडलेलेच ठेवले. मी तिच्याकडे पाहून मनातल्या मनात ओशाळले. इतका वेळ मी त्या कॉम्प्युटरवर चरफडत होते.

मुलाकडचा मजकूर त्यांनी कागदावर लिहून आणला होता. तो मी घातला. त्यालाच बराच वेळ गेला. मग मुलीचं नाव घातलं. मग मी नेहमीसारखं विचारलं, "मुलीच्या वडिलांचं नाव?"

आईने मुलीकडे पाहिलं. आमच्या भागात जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलीने नाव सांगितलं. मी ते टाइप केलं, आडनाव घातलं, पुढे 'यांची ज्येष्ठ कन्या' घातलं. आणि मग दुसरा प्रश्न विचारला, जो मी प्रत्येक पत्रिकेला विचारते आणि ज्याचं उत्तर लोक मान वर न करता देतात.

"श्री. की कै.?"

मुलीने काकांकडे पाहिलं.

मला वाटलं प्रश्न कळला नाही. "म्हणजे वडील आहेत ना?" मी म्हटलं.

"कै. लावा," काका म्हणाले.

मी नावाच्या आधी कै. टाइप केलं. पडद्यावर काही आलं नाही. डिस्कचा दिवा लुकलुकत होता, कॉम्प्युटर आपल्या कामात होता. आम्ही चौघं त्या पडद्याकडे बघत बसलो. मग ती दोन चिन्हं उमटली, आधी अक्षर, मागाहून टिंब. आई पुढे वाकली. ती थोडं शिकलेली होती, सुटं सुटं वाचायची.

"कै," तिने वाचलं. "म्हंजे मेला?"

"वयनी, एवढी वर्सं झाली," काका म्हणाले. "आला नाय, फोन नाय. पत्रिका घरोघर जाणार, प्रत्येक जण विचारत बसणार. एकदा कै. लिहिलं की मॅटर क्लोज."

"मग मी ह्ये कदी पुसू?" तिने कपाळाला बोट लावलं. तिथे चांगलं ठसठशीत कुंकू होतं. "पत्रिका वाटायच्या आदी पुसू, का हळदीच्या दिवशी पुसू? तेवडं सांगा भावजी."

"मॅडम, ते काढून टाका," मुलगी म्हणाली.

मी कर्सर कै.च्या आधी नेला आणि पुसायची कळ दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. मला त्या जागेवरून ते अक्षर लवकर घालवायचं होतं, त्या घाईत मी ती कळ पुनःपुन्हा दाबत गेले. आणि मग कॉम्प्युटरला जाग आली. त्याने कै. पुसलं, पाठोपाठ वडिलांचं नाव पुसलं, आडनाव पुसलं. आमच्या डोळ्यांदेखत ओळ उजवीकडून सरकत आली आणि 'यांची ज्येष्ठ कन्या' एवढंच उरलं.

"अगं बाई," मी म्हटलं. "थांबा, परत आणते."

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली.

"राहू द्या कसं?" काका एकदम चिडले. त्यांचा आवाज चढला. "मग श्री. लावा! श्री. लावा आणि बोलवा त्याला मंडपात! येणार आहे तो? वयनी, तो तिकडे संसार करून बसलाय. त्याची तिकडची पोरगी दहावीला आहे, तुम्ही कुठल्या..."

ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं असावं. त्यांनी सॅक मांडीवर घेतली, उगाच तिची चेन उघडली आणि लावली.

आई हलली नाही.

"दहावी झाली तिची," ती म्हणाली. "बारावीला गेली आता."

काकांनी मान वर केली. मुलगीही आईकडे वळली.

"आई, तुला माहीत होतं?"

"तुलाबी म्हायती होतं ना गो?"

मुलीने मान डोलावली. मग म्हणाली, "कंपनीत लागले त्या साली. काकांच्या फोनवर फोटो बघितला होता. मला वाटलं, तुला कळलं तर तू..." पुढचं तिने सोडून दिलं.

"गणपतीला मुंबयवरनं बायका येतात," आई म्हणाली. "बायका सांगतात. नाय सांगितलं तरी त्यांच्या तोंडावर दिसतं." मग ती दिराकडे वळली. "तुमी बोलला नाय म्हणून मी बोलले नाय. मला वाटलं भावजींना वाईट वाटंल, थोरला भाव हाय. म्हंजे मी उगाच गप ऱ्हायले एवडी वर्सं."

मला तिथे बसणं अवघड झालं. एरवी गिऱ्हाइकांच्या घरातलं काही निघालं की मी कामात डोकं घालते, काहीतरी टाइप करत राहते, म्हणजे मी ऐकत नाही असं त्यांना वाटतं. त्या दिवशी तीही सोय नव्हती. कळ दाबली तर अक्षर येत नव्हतं. मी उठले आणि माठातलं पाणी आणलं. तिघंही पाणी प्याले. काकांनी पेला खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "मी त्याला सांगून बघितलं होतं, वयनी. दोनदा गेलो होतो घरी. दारातनं परत आलो."

"बरं केलंत," ती म्हणाली. हे 'बरं केलंत' गेल्याबद्दल होतं की परत आल्याबद्दल, मला कळलं नाही.

मग मुलगीच म्हणाली, "मॅडम, आईचं नाव लिहा. त्या मोकळ्या जागेत. आईचं नाव, आणि मग यांची ज्येष्ठ कन्या."

"नुसत्या बाईचं नाव?" काका म्हणाले. आता त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं, काळजी होती. "सोयरे काय म्हणतील?"

"त्याला सगळं सांगितलंय मी," मुलगी म्हणाली. त्याला म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला. "त्याने घरी सांगितलंय. त्यांचं काही नाही."

मी आईकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली. पण माझा प्रश्न पुन्हा आलाच, दुसऱ्या रूपात. बाईच्या नावाआधी काय लावायचं? सौ. लावलं तर नवरा आहे आणि त्याचंच नाव कसं नाही, असं वाचणारा विचारणार. गं. भा. लावलं तर तो मेला. मी हे दोन्ही पर्याय मोठ्याने बोलले आणि बोलताना माझंच मला कसंतरी झालं. इतकी वर्षं मी ही अक्षरं बायकांच्या नावापुढे लावत आले, कधी थांबून विचार केला नव्हता.

"श्रीमती लिहा," मुलगी म्हणाली. "आमच्या कंपनीत सगळ्यांना श्रीमतीच लिहितात. लग्न झालेल्यांना, न झालेल्यांना, सगळ्यांना."

"ते चालंल," आई म्हणाली.

मी श्रीमती टाइप केलं आणि म्हटलं, "पूर्ण नाव सांगा."

तिने आपलं नाव सांगितलं. आणि थांबली. पूर्ण नाव म्हणजे मध्ये नवऱ्याचं नाव यायचंच. मुलीने सांगायला तोंड उघडलं, तर आईने तिच्या हातावर हात ठेवला. आणि तिने स्वतः ते नाव घेतलं. साध्या आवाजात, दुकानात सामान मागावं तसं. लाजली नाही, की आवाजही जड झाला नाही. मग आडनाव सांगितलं.

मी सावकाश, एकेक अक्षर उमटेपर्यंत थांबत, ते तिन्ही शब्द टाइप केले. आता त्या ओळीत तो होता. पण त्याच्याआधी ना श्री. लागत होतं, ना कै. तो तिच्या नावाच्या मध्ये होता, बस. मुलीने ती ओळ वाचली आणि म्हणाली, "बाबांचं नाव आलंच की, काका."

"आलं," काका म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "माझं नाव खाली टाका मॅडम, 'आपले नम्र'मध्ये. वयनीच्या खाली."

बाकीची पत्रिका करायला दुपार सरली. मुहूर्त, मंडपाचा पत्ता, हळदीचा दिवस, गावकीचं नाव, मुंबईच्या मंडळाचं नाव. दर ओळीला थांबायचं, वाट बघायची. मुलगी भिंतीला डोकं टेकून झोपून गेली. काका दोन वेळा घड्याळ बघून उठले आणि दोन्ही वेळा परत बसले. आई मात्र पडद्यापासून हलली नाही. फाइल जपून ठेवायची आज्ञा दिली तर कॉम्प्युटर इतका वेळ गप्प झाला की मला वाटलं, गेलं सगळं. पण ते झालं. दुकानातल्या छोट्या प्रिंटरवर नमुन्याची प्रत काही निघेना, तेव्हा तिने पडद्यावरच सगळी पत्रिका पहिल्यापासून वाचली, बोटाने काच पुसत. स्वतःच्या नावाशी आल्यावर तिने ते दोनदा वाचलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली, आणि मुलीला उठवलं.

ते गेल्यावर मी खुर्चीत मागे टेकून बसले. पाठ भरून आली होती. दिवेलागणीला बॅकअप संपला आणि कॉम्प्युटरने सांगितलं की बाकी सगळं उतरलं, एक फाइल मात्र उतरवता आली नाही, कारण ती उघडी होती आणि कुणीतरी वापरत होतं. ती हीच पत्रिका. मला हसू आलं, पण हसायचंही त्राण नव्हतं. मी ती फाइल वेगळी त्याच डिस्कवर उतरवली, ती उतरलीय ना हे उघडून बघितलं, आणि नाते गावाला जाणारी शेवटची रिक्षा कशीबशी गाठली.

रात्री जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. भात कालवता कालवता तो म्हणाला, "श्रीमतीनंतर टिंब नाही ना दिलंस? टिंब देत नाहीत. तो पूर्ण शब्द आहे."

मी टिंब दिलं होतं. हात सवयीने गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉम्प्युटर मोकळा आणि चपळ असताना, मी ते काढलं. एकदा कळ दाबली, टिंब गेलं. नवरा त्या दिवशी माझ्याबरोबर दुकानात आला होता. कागद कुठला वापरणार म्हणून बघायला आलोय, असं म्हणाला. तासभर बसला आणि ऊन चढायच्या आत घरी गेला.

वैशाखात लग्न झालं. मला आमंत्रण होतं, पण तो सगळा कामाचा मोसम, आणि डोंगर चढून जायची ताकद माझ्यात नव्हती. पुढे पावसाळ्यात एकदा ती मुलगी दुकानाशी येऊन गेली. तिचा नवरा मोटारसायकल चालू ठेवून बाहेर थांबला होता, दोघांना कंपनीत एकाच पाळीला जायचं होतं. तिने पेढ्याचा पुडा पुढे केला.

"पत्रिकेवरून कुणी काही बोललं का?" मी विचारलं.

"बोलले थोडे. आजोबा लोक बोलले. बाकीच्यांनी जेवणाची वेळ बघितली आणि ठेवून दिली." ती हसली. काकाकाकूंनी कन्यादान केलं, आई सगळ्यांच्या पुढे बसली होती, असं तिने सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "बाबांनी त्या दिवशी काकांना फोन केला होता. लग्न नीट पार पडलं का, एवढंच विचारलं म्हणे."

"आईला कळलं?"

"सांगितलं मी. लगेच, त्याच संध्याकाळी."

"मग?"

"बरं म्हणाली. आणि गुरांना पाणी दाखवायला गेली."